टीप क्रमांक तेवीस

५ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या दोघींत मिळून एकच पुस्तक होतं. अर्थशास्त्राचं, जाडजूड, जुन्या बाजारातून घेतलेलं, आधीच्या मालकाने जांभळ्या शाईने रेघा मारलेलं. परळच्या सांजवर्गात तिसऱ्या बाकावर ते मधोमध ठेवायचं. हिल्डा भराभर वाचायची आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून माझ्यासाठी थांबायची. मी सावकाश वाचणारी, शिवाय मला तळटिपाही वाचायच्या असत. मग ती कानाशी म्हणायची, "नलू, त्या बारीक अक्षरात काही नसतं गं. उलटू?" मी नाही म्हटलं की बोट आणखी थोडा वेळ तिथेच. दिवसभर ती बालवर्गाला शिकवून यायची, त्यामुळे तिच्या नखाला खडूची पांढरी कड असायची. चार वर्षांत तिने एकदाही माझ्याआधी पान उलटलं नाही.

हिल्डाला जाऊन चार महिने होतील. काल तिच्या वकिलांचं पत्र आलं. खोताच्या वाडीतलं घर भाच्याला, ते ठरलेलंच होतं. पण साठवलेले अडतीस लाख तिने आमच्या त्या सांजवर्गांच्या नावे ठेवलेत. आता त्याला सुबोध महिला विद्यापीठ म्हणतात. पुढे मात्र एक अट आहे. नलिनी कोठारे हिने स्वतः परळला जाऊन, हिशेब आणि कारभार तपासून, विद्यापीठ देणगीस पात्र आहे असं लिहून दिलं तरच पैसे द्यावेत. नाहीतर नलिनी सांगेल त्या दुसऱ्या संस्थेला. मुदत मार्चअखेर.

माझा नवरा माधव म्हणाला, "तुझी मैत्रीण जाताना तुला कामाला लावून गेली."

मला हिशेबातलं काय कळतं? शाळेत सिस्टर आग्नेसनी आम्हाला समास आखणं, काजं शिवणं आणि पाठ ताठ ठेवणं शिकवलं. १९७९ साली बी.ए. झाले खरी, पण पदवीदानाच्या आठवड्यातच माझं लग्न होतं. हिल्डा एकटी गेली आणि काळा झगा घातलेला फोटो दाखवायला मांडवात आली. माझा पदवीचा कागद टपालाने घरी येईल म्हणाली. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी ठाकूरद्वारची खोली सोडली, मग मनवा झाली, मग त्या कागदाची गरजच पडली नाही. हिल्डा अधूनमधून म्हणायची, चल ना गं एकदा परळला. मी म्हणायची, जाऊ.

९ जानेवारी

मनवा ऑफिसमधून परस्पर आली. लेक माझी लोअर परळच्या काचेच्या टॉवरमध्ये कंपन्यांना सल्ले देते. कसले ते बारा वर्षांत मला नीट कळलेलं नाही. तिने लॅपटॉप उघडून एक साइट दाखवली. देणगीदारांना उपयोगी पडावं म्हणून तिथे संस्थांना तारे देतात, हॉटेलांना देतात तसे. सुबोधला पाचपैकी दोन.

"आई, हे बघ. तीन वर्षांत नऊशे बायकांनी प्रवेश घेतला आणि पदवी पूर्ण केली तीनशे एकोणसत्तर जणींनी. शंभरात एकेचाळीस. म्हणजे एका पदवीला सव्वा लाख खर्च पडतो. याला काय म्हणतात माहीत आहे?"

माहीत नव्हतं. तिने सांगितलेला इंग्रजी शब्दही मी विसरले. पण तिचा चेहरा बघून वाटलं, तो चांगला नसणार. तिने दुसरी एक संस्था सुचवली, उंच भरारी फाउंडेशन. तिचंही काम मुलींचं शिक्षण, तिथेही परळच, आणि पूर्ण करणाऱ्या शंभरात शहाण्णव. पाच तारे.

हिल्डा असती तर म्हणाली असती, तारे ख्रिसमसला लावायचे असतात.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ यंदा जरा कडक झाला. माधवने एक दाढ गमावल्याचा आव आणला. अहवाल उघडला नाही.

१८ जानेवारी

आज विद्यापीठाचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल घेऊन, पेन्सिलीला टोक काढून बसले. ताळेबंद म्हटला की भीती वाटते. म्हणून मी तो वाण्याच्या यादीसारखा वाचला.

शंभर रुपयांतले त्रेसष्ट पगारांवर. ठीक आहे, शिकवायला माणसंच लागतात. कार्यालयाचा खर्च अकरा. जाहिरात शून्य. गाठीला असलेली रक्कम जेमतेम चार महिने पुरेल, हे काही बरं नाही. घरात निदान सहा महिन्यांचं हवं, असं माझी सासू म्हणायची. चहापान संपूर्ण वर्षाचं नऊ हजार दोनशे. आमच्या सोसायटीच्या सभांना याहून जास्त होतं, आणि तिथे कोणी काही शिकत नाही.

एक आकडा मात्र टोचत राहिला. टपालखर्च, एकसष्ट हजार. हल्ली जग फोनवरून बोलतं. एवढं टपाल कोणाला जातं? माधवला विचारलं तर म्हणाला, प्रेमपत्रं पाठवत असतील. तारे देणाऱ्या साइटवर या खर्चाला लाल खूण केलेली आहे.

२३ जानेवारी

परळला जाऊन आले. पंचेचाळीस वर्षांनी.

इस्पितळांच्या मागची तीच गल्ली, फुटपाथवर रुग्णांच्या नातेवाइकांचे डबे आणि चादरी. समोर पूर्वी गिरणीचं धुराडं दिसायचं, तिथे आता इतकी उंच इमारत आहे की वर बघताना माझा चष्मा घसरला. आमची इमारत मात्र तशीच, तीन मजली, लाकडी जिन्याची. तिसऱ्या पायरीला अजून खाच आहे. मला उगीचच तिच्याशी बोलावंसं वाटलं.

कुलसचिव सीमा मॅडम चाळिशीच्या आतल्या, येऊन आठच महिने झालेले. त्यांनी काही लपवलं नाही. दुसरा जिना आणि आगीपासून बचावाची व्यवस्था केली नाही तर जूनपासून इथे वर्ग भरवता येणार नाहीत, अशी नोटीस आली आहे. खर्च चोवीस लाख. दोन तारे बघून देणगीदार फोनसुद्धा उचलत नाहीत. "हिल्डा मॅडमच्या पैशांवरच आमचं जूननंतरचं सगळं आहे," त्या म्हणाल्या. "पण एकेचाळीस टक्के आहेत हे मी नाही कसं म्हणू? मुली कुठे गळतात तेच मला कळत नाही."

साडेपाचला वर्ग भरला. मी मागच्या बाकावर बसले. एक परिचारिका, एक खाकीतली बस कंडक्टर, एक साठीच्या आजी. तास संपल्यावर कोणी उठेचना, शिक्षिकेला प्रश्नांवर प्रश्न. या बायका अर्ध्यावर सोडणाऱ्या वाटल्या नाहीत. पण वाटण्यावर अडतीस लाख देता येत नाहीत.

खाली नोंदणी विभागात बाबुराव म्हणून मुख्य कारकून आहेत. त्रेसष्टीचे, मुदतवाढीवर, शर्टाच्या खिशात चार पेनं. आकड्यांबद्दल विचारलं तर वर न बघता म्हणाले, "आकडा बरोबर हाय. छत्तीस वर्षांत माझा आकडा चुकला नाय."

मी सांगितलं की मी इथलीच विद्यार्थिनी, एकोणऐंशीची. तेव्हा मात्र त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लग्नाआधीचं नाव विचारलं. विजयकर म्हटलं, तर "बरं" एवढंच बोलून पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं. तऱ्हेवाईक माणूस. मला काय सोयरीक जुळवायची आहे त्यांच्याशी?

२८ जानेवारी

उंच भरारीच्या कार्यालयात मनवा बरोबर आली. एकविसावा मजला, गार हवा, काचेतून थेट शिवडीपर्यंत दिसतं. कॉफी उत्तम. दीपिका नावाच्या गोड मुलीने मोठ्या पडद्यावर सगळं समजावून सांगितलं. आकडे गोल गोल फिरत येतात आणि आपल्यासमोर थांबतात.

मला सगळ्यांत आवडली ती त्यांची स्वागताची पिशवी. प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी वही, पाण्याची बाटली, टोपी आणि छापील प्रमाणपत्र देतात, सोनेरी कडेचं. अगदी पहिल्या दिवशी. बिचाऱ्या मुलींना किती बरं वाटत असेल. शंभरातल्या चारजणी काही कारणाने पहिल्या दिवशी येऊ शकत नाहीत, बाकी शहाण्णव जणींना मिळतंच, असं दीपिका म्हणाली. मलाही एक पिशवी दिली. टोपी माधवने घरी आल्यापासून काढलेली नाही.

शहाण्णव आणि एकेचाळीस. यात विचार करण्यासारखं काय उरलं?

३ फेब्रुवारी

वकिलांना लिहायच्या पत्राचा मसुदा केला. "खेदपूर्वक" हा शब्द तीनदा आला. हिल्डाचा झग्यातला फोटो समोर होता, तो जरा बाजूला सरकवला. माधव म्हणाला की मुदत मार्चअखेरपर्यंत आहे, मला एवढी घाई का. मी म्हटलं, दुखरा दात लवकर काढलेला बरा. तर म्हणतो, "आधी दाताच्या डॉक्टरने तोंड तरी नीट बघावं."

संक्रांतीच्या तिळगुळाचा राग असणार.

६ फेब्रुवारी

आजचं लगेच लिहून ठेवते.

पत्र पाठवण्याआधी अहवालाची उरलेली पानं वाचून टाकावीत म्हटलं. पुस्तक अर्धवट मिटायची मला सवय नाही. शेवटच्या चार पानांत परिशिष्टं आणि टिपा, मुंगीएवढ्या अक्षरात. माधवचं भिंग घेतलं. घसाऱ्याचे दर, सभांच्या तारखा, एका लोखंडी कपाटाची खरेदी. मग टीप क्रमांक तेवीस.

"पदवी पूर्ण : पदवी प्रमाणपत्र विद्यार्थिनीच्या स्वतःच्या हाती पोचून तिच्या सहीची पोचपावती कार्यालयात जमा झाली असल्यासच."

मी ते वाक्य सात वेळा वाचलं. उत्तीर्ण झाली, गुणपत्रिका मिळाली, तरी पूर्ण नाही. कागद हातात गेला पाहिजे आणि सही परत आली पाहिजे. मग ते एकसष्ट हजारांचं टपाल आठवलं. मग ते लोखंडी कपाट.

आणि पिशवीतलं सोनेरी कडेचं प्रमाणपत्रही आठवलं. देवा रे. पहिल्याच दिवशी.

हिल्डा, बारीक अक्षरात काही नसतं म्हणायचीस ना? माझ्यासाठी जवळजवळ पन्नास वर्षं थांबलीस त्या कोपऱ्यावर.

७ फेब्रुवारी

साडेदहाला परळला पोचले, माधवही आला. टोपीसकट. बाबुरावांच्या टेबलावर अहवाल उघडून तेविसाव्या टिपेवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "छत्तीस वर्षांत ही टीप वाचणाऱ्या तुम्ही पयल्या," म्हणाले, आणि किल्ल्यांचा जुडगा काढला.

कपाटाचं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत खाकी पाकिटं, प्रत्येकावर टपाल खात्याचा शेरा. पत्ता सोडून गेले. घर पाडले. घेणारी सापडत नाही. नायगाव, लालबाग, वरळी, काळाचौकी. बीडीडीच्या चाळी रिकाम्या झाल्या, माणसं संक्रमण शिबिरांत गेली, मुली सासरी गेल्या, फोनचे नंबर बदलले. गुणपत्रिका हातात असते, नोकरी चालू असते, कागदासाठी कोण मुद्दाम परळला येणार? बाबुराव मात्र दरवर्षी पुन्हा पाठवायचे त्याच पत्त्यावर आणि पाकिटं परत यायची.

तीन वर्षांची पाकिटं मोजली. चारशे बत्तीस. त्यांत ते तीनशे एकोणसत्तर मिळवले की आठशे एक. शंभरात एकोणनव्वद.

सीमा मॅडमना बोलावलं. त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि खूप वेळ नुसत्या हसत होत्या, डोळे पुसत. बाबुरावांना म्हणाल्या, अहो, या सगळ्या पास झालेल्या आहेत, तुम्ही यांना पूर्ण का धरत नाही?

"मॅडम, कागद माझ्या कपाटात. मग ती पदवीधर कशी? पदवी काय कपाटाला द्यायची?"

बाबुरावांना त्यांच्या आधीच्या साहेबांनी असंच शिकवलं होतं. मी विचारलं, टपाल परत येतं तर मग घरी नेऊन का नाही दिलं? ते म्हणाले, नियमात टपाल लिहिलंय, पायी लिहिलेलं नाही.

माधवने विचारलं, "पायी न्यायचं नाही, असं लिहिलंय का?"

बाबुराव विचारात पडले. मग त्यांनी खिशातलं एक पेन काढून माधवला दिलं. हा त्यांच्या बाजूने मोठाच सन्मान असावा.

निघताना दिसलं, मागच्या भिंतीला आणखी तीन कपाटं आहेत, गंजलेली. मी विचारलं तर म्हणाले, जुनी आहेत, त्यातल्या कोणी येणार नाहीत, पण टाकवत नाही. पुन्हा माझ्याकडे तसंच पाहिलं.

८ फेब्रुवारी

मनवाला फोनवर सांगितलं. तिने लगेच भागाकार केला. मग म्हणाली, "आई, म्हणजे एका पदवीला सत्तावन्न हजार. निम्म्याहून कमी. आणि हे तू भिंगाने शोधलंस?" मी म्हटलं, वाचलं फक्त. तिच्या ऑफिसात अशा वाचण्याचे पैसे घेतात म्हणे.

उंच भरारीबद्दल आम्ही दोघी फार बोललो नाही. दीपिका खरंच गोड आहे. तिला कोणीतरी पिशवीबद्दल सांगायला हवं.

तरी मी अजून सही केलेली नाही. कपाटातले कागद खऱ्या बायकांचे आहेत आणि त्या बायकांना त्यांचा काही उपयोग आहे, हे मला डोळ्यांनी बघायचं आहे. हिल्डाने स्वतः जाऊन बघ म्हटलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिली फेरी. बाबुराव, माधव, मी आणि वीस पाकिटं.

नायगावला जुन्या पत्त्यावर पत्र्याची भिंत आणि आत क्रेन. पण भिंतीबाहेर इस्त्रीवाला होता, आणि इस्त्रीवाल्याला सगळं माहीत असतं. कोणाचे कपडे आता कुठून येतात त्यावरून त्याने सात पत्ते सांगितले. टपाल खात्याने त्याला विचारायला हवं होतं.

पाचजणी सापडल्या. सगळ्यांत लक्षात राहिल्या त्या लालबागच्या गंगुबाई. मसाल्याच्या गल्लीजवळ खानावळ चालवतात. बावन्नाव्या वर्षी वर्गात आल्या, सत्तावन्नाव्या वर्षी बी.ए. इमारत नव्याने बांधायला घेतली, म्हणून कागद परत गेला होता. बाबुरावांनी पाकीट पुढे केलं तर त्या मागे सरकल्या.

"थांबा हां. माझे हात तिखटाचे आसत."

हात धुतले. मग वाटलं तेवढ्याने भागणार नाही, म्हणून आत जाऊन आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. खानावळीतली सगळी गिऱ्हाइकं ताटावर हात थांबवून बसलेली. त्यांनी सावकाश सही केली. मग कागद छातीशी धरून मला म्हणाल्या, "पास झालंय ता माका म्हायत होता. पण माझ्या नवऱ्यान शेवटपर्यंत इचारल्यान, कागद खंय? आता फोटोक दाखवतंय."

एका गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. आमच्याकडून जेवणाचे पैसे घेतले नाहीत. बाबुरावांनी तीन बांगडे खाल्ले.

२ मार्च

हे आता आमच्या हाती राहिलेलं नाही. ज्या बाईला कागद मिळतो तिला जुन्या चाळीतल्या दुसऱ्या तिघी कुठे गेल्या ते माहीत असतं. गंगुबाईंच्या खानावळीत एक वही ठेवली आहे, येता-जाता बायका पत्ते लिहून जातात. नायगावची रुपाली, पोलिसाची मुलगी, सध्या दादरला एका दवाखान्यात स्वागतिका. तिला पदवीचा कागद दाखवता येत नव्हता म्हणून तीन वर्षं बढती अडली होती. तिने सही केली आणि तिथल्या तिथे डॉक्टरांच्या दारावर टकटक केली. पुढल्या रविवारी पेढे घेऊन आली आणि नऊ पाकिटं वाटायला घेऊन गेली.

बाबुरावांचा एकच कायदा. पाकीट आईच्या हाती नाही, नवऱ्याच्या हाती नाही, तिच्याच हाती. काळाचौकीला एका सासूने आमच्यासमोर पाऊण तास आरडाओरडा केला की मी काय चोर आहे का. बाबुराव जिन्यात बसून राहिले. सून कामावरून आली, सही केली, तेव्हा सासूने त्यांना सरबत दिलं आणि त्यात मीठ घातलं. ते प्याले.

माधव बसचे नंबर असे सांगतो जणू त्यानेच ते शोधून काढलेत. त्याचा गुडघा दुखत नाही हल्ली. की सांगायचं विसरतो?

१५ मार्च

एकशे अठ्ठावीस पोचपावत्या. सीमा मॅडमनी पुढच्या अहवालात दोन आकडे छापायचं ठरवलं आहे, उत्तीर्ण किती आणि हाती पोचले किती. बाबुराव म्हणतात दुसराच खरा. मला वाटतं दोन्ही. मनवाने तारे देणाऱ्या साइटला पाच पानांचं इंग्रजी पत्र लिहिलं, तेविसाव्या टिपेसकट. त्यांनी माफी मागून फेरतपासणी करतो म्हटलंय.

बाबुरावांनी आज अचानक विचारलं, ठाकूरद्वारला वडिलांची खोली कितव्या मजल्यावर होती. मी म्हटलं, दुसऱ्या. मग, खोली कधी सोडली. मी म्हटलं, एकोणऐंशीच्या मे महिन्यात, पण तुम्हाला कशाला हवंय? म्हणाले, सहज. वयस्कर माणसांना जुन्या जागांची ओढ असते. मला कळतं ते, मी पण तशीच आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारली. माधवने काठीला त्या टोपीचाही हट्ट धरला होता, मी साखरेची गाठी घातली. श्रीखंड झालं, मनवा जेवून गेली. आता दुपारच्या उन्हात वकिलांना द्यायचं पत्र लिहायला बसले आहे. उद्या त्यांच्या घरी नेऊन देईन. सिस्टर आग्नेसना आवडेल असा समास आखला आहे.

विद्यापीठ पात्र आहे. असं एका ओळीत लिहिलं, "खेदपूर्वक" कुठेही नाही. मग वाटप.

चोवीस लाख दुसऱ्या जिन्यासाठी आणि आगीच्या व्यवस्थेसाठी. जुना लाकडी जिना काढू नये, आणि तिसरी पायरी तासून सपाट करू नये.

दहा लाख कायम ठेवीत. त्याच्या व्याजातून एक पगारी माणूस ठेवावा, जो प्रमाणपत्रं पायी नेऊन देईल. इस्त्रीवाल्याला दिवाळीला पेढे.

चार लाख अशा बायकांच्या परीक्षा शुल्कासाठी, ज्या शेवटच्या वर्षी पैशांवाचून थांबतात. कोणाला द्यायचं ते गंगुबाई आणि सीमा मॅडम मिळून ठरवतील.

तेविसावी टीप बदलू नये. अक्षर मात्र मोठं छापावं.

हिल्डाचं पुस्तक, जांभळ्या रेघांचं, तिच्या भाच्याने मला आणून दिलं होतं. ते वर्गाच्या तिसऱ्या बाकावर ठेवावं. दोघींत एक वाचायचं असेल तर जी हळू वाचते तिच्यासाठी दुसरीने थांबावं.

इथपर्यंत लिहिलं आणि बाबुरावांनी पुढच्या फेरीची यादी काल पाकिटात घालून दिली होती ती आठवली. इथेच उतरवून घेते, म्हणजे कोणाला काय द्यायचं ते विसरायला नको.

श्रेया मयेकर, बी.ए., लालबागहून आता भांडुपला. पाचनंतर भेटेल.

सुलभा तांबे, बी.कॉम., पत्ता खानावळीच्या वहीत.

मंगल घाग, बी.ए., काळाचौकीलाच आहे, समोरच्या इमारतीत. चष्मा लावून सही करील, घाई करू नये.

कु. नलिनी राजाराम विजयकर, बी.ए., १९७९. कपाट क्रमांक चार. शेरा : ठाकूरद्वार, खोली सोडून गेले. नवा पत्ता : दर रविवारी बरोबर चालत असतात.

ही ओळ मी भिंग घेऊन पुन्हा वाचली. अक्षर बाबुरावांचंच आहे. माधवला हाक मारली, तर तो स्वयंपाकघरातून म्हणाला की त्याला तीन आठवडे माहीत आहे, आणि निळी साडी त्याने इस्त्रीला दिली आहे. हिल्डालाही माहीत असणार. चल ना गं एकदा परळला.

खाली बाबुरावांची नेहमीची सूचना आहे, तीही उतरवते.

कागद नवऱ्याच्या हाती देऊ नये. लेकीच्या हाती देऊ नये. तिच्याच हाती द्यावा, सही घ्यावी, आणि ती वाचून होईपर्यंत थांबावं.